देवमासा-दर्शनाच्या सहलीची निवड : ज्यूनो बंदराचे एक उदाहरण

उपभोक्त्याला बाजारातील वस्तूंची पूर्ण माहिती असते, हे गृहीत सोयीचे असले तरी फार थोड्या वस्तूंना ते लागू पडते. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग पाडले : ज्यांची पारख खरेदीपूर्वीच करता येते अशा, आणि ज्यांची पारख उपभोगानंतरच होते अशा. पुढे १९७३ साली डार्बी व कार्नी यांनी तिसरा वर्ग सांगितला. या वर्गातील वस्तूंचा गुण उपभोगानंतरही ग्राहकाला कळत नाही. त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. वैद्याची किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराची सेवा ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात एका निराळ्या सेवेचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे प्रवासी जहाजाने पर्यटनास निघालेल्या व्यक्तीने वाटेतील बंदरावर घ्यावयाची देवमासा-दर्शनाची सहल. या एकाच सेवेत वरील तिन्ही वर्ग एकत्र आले आहेत. तिचे मूल्य व वेळ आधी कळतात. आनंद नंतर कळतो. आणि त्या आनंदापायी देवमाशाला काय सोसावे लागले, हे प्रवाशाला बहुधा कधीच कळत नाही.

उदाहरणासाठी अलास्काचा आग्नेय किनारा घेतला आहे, कारण जहाज-पर्यटन आणि देवमासा-दर्शन यांची इतकी घट्ट सांगड क्वचितच आढळते. ज्यूनो ही अलास्काची राजधानी असूनही बाहेरून तेथे जाणारा रस्ता नाही. जावयाचे ते जलमार्गाने किंवा विमानाने. २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे ३२ हजार होती. उलट २०२३ च्या एका हंगामात तेथे जहाजाने आलेले प्रवासी १६ लाखांहून अधिक होते. या ओघाला आवर घालण्यासाठी २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे येऊ द्यावीत, असा करार नगरपालिकेने जहाज-कंपन्यांशी केला. बंदरावर उतरणाऱ्या या समुदायापैकी मोठा भाग ज्या सहलीची निवड करतो, ती देवमाशांची.

आपल्या भाषेने या प्राण्याला मासा म्हटले असले तरी तो फुप्फुसांनी श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे सर्वश्रुत आहे. ज्यूनोभोवती मुख्यतः दिसतो तो हंपबॅक, म्हणजे कुबडा देवमासा. त्याची लांबी १२ ते १५ मीटर असते. येथील बहुसंख्य कुबडे देवमासे हिवाळा हवाई बेटांच्या उबदार पाण्यात काढतात. तेथे ते प्रजनन करतात, पण जवळजवळ काहीच खात नाहीत. चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पोहून उन्हाळ्यात ते अलास्कात येतात ते हेरिंग मासे व क्रिल यांवर वर्षाची चरबी साठविण्यासाठी. पर्यटकाचा सुट्टीचा काळ हा देवमाशाचा कमाईचा काळ होय, आणि पुढील विवेचनाचा बराचसा भाग या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

प्रवासाची निवड करतानाच सहलीची अर्धी निवड होऊन जाते. जहाजांचा हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतो. परंतु देवमाशांची दाटी जून ते सप्टेंबर या काळात अधिक असते. बंदरांमध्येही फरक आहे. स्कॅग्वे व केचिकन यांची प्रसिद्धी अन्य कारणांसाठी आहे. देवमाशांसाठी ज्यूनो आणि हूना गावाजवळचे आयसी स्ट्रेट पॉइंट ही दोन स्थाने महत्त्वाची. हूना हे त्लिंगित लोकांचे, हजाराच्या आत वस्ती असलेले गाव. येथील जुन्या मासे-डबाबंदी कारखान्याच्या जागी उभारलेले बंदर त्या समाजाच्याच महामंडळाच्या मालकीचे असून २००४ पासून जहाजे तेथे थांबतात. जवळच्या पॉइंट ॲडॉल्फस या टोकापाशी भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे भक्ष्य एकवटते व त्यामागोमाग देवमासे येतात. जहाज या दोन्ही बंदरांना लागणार असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते देवमाशांसाठी हूना व इतर गोष्टींसाठी ज्यूनो ही वाटणी अधिक शहाणपणाची ठरते.

सहलीच्या कालावधीचा आकडा मात्र सावधपणे वाचावा लागतो. ज्यूनोतील बहुतेक नौका शहराच्या धक्क्यावरून सुटत नाहीत. त्या सुमारे वीस किलोमीटर दूर असलेल्या ऑक बे येथून सुटतात. जाण्या-येण्याचा बसप्रवास, रांगा, सुरक्षेच्या सूचना हे सर्व जाहिरातीतील साडेतीन किंवा चार तासांतच गणलेले असते. यास्तव सहल किती तासांची, असे न विचारता पाण्यावर किती वेळ, असे विचारावे. ‘देवमासे व हिमनदी’ अशा जोड-सहलीत तर ही विचारणा अधिकच आवश्यक असते, कारण तेथे दोन्हींचा वेळ एकमेकांतून कापला जातो.

विक्रेता कोण असावा, याविषयी प्रवाशांमध्ये बराच वाद चालतो. जहाज-कंपनी स्वतः नौका चालवीत नाही. ती स्थानिक व्यावसायिकांच्याच सहली आपल्या नावाने विकते. त्यामुळे जहाजावर मिळणारी सहल बहुधा महाग पडते. या अधिक किमतीत एक प्रकारचा विमा अंतर्भूत असतो : जहाजाने विकलेल्या सहलीला परतण्यास उशीर झाला तर जहाज थांबते किंवा प्रवाशाची पुढील सोय करते, स्वतंत्रपणे घेतलेल्या सहलीच्या बाबतीत ती जबाबदारी प्रवाशाची. ज्या गावाला रस्ता नाही तेथे जहाज चुकणे ही साधी गोष्ट नव्हे. तथापि परतीची वेळ व जहाज सुटण्याची वेळ यांत दोन-अडीच तासांचे अंतर राहत असेल, तर हा विमा घेण्याचे फारसे कारण उरत नाही. आणि स्वतंत्र खरेदीत नौका कोणती, प्रवासी किती, मार्गदर्शक कोण, हे नेमके विचारता येते. जहाजावरील खिडकीशी बसलेल्या कर्मचाऱ्याला यांपैकी फारच थोडे ठाऊक असते.

आता ‘देवमासा न दिसल्यास पैसे परत’ या हमीकडे वळू. ती ग्राहकाला फार आकर्षक वाटते. परंतु एखादे आश्वासन गुणवत्तेची खूण केव्हा ठरते, तर जेव्हा ते देणे हलक्या विक्रेत्याला परवडत नाही तेव्हा. मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या विवेचनाचा हाच गाभा आहे. भर उन्हाळ्यात ज्यूनोजवळ देवमासा न दिसणे हाच अपवाद असल्याने ही हमी कोणासही जवळजवळ फुकट देता येते. म्हणून तिच्यातून चांगला व सामान्य व्यावसायिक यांतील भेद कळत नाही.

दुसरी समजूत अशी की, लहान नौका देवमाशाच्या अधिक जवळ जाते. हे अर्थातच चुकीचे आहे. अलास्कात २००१ पासून लागू असलेल्या संघीय नियमानुसार कोणत्याही नौकेला कुबड्या देवमाशाच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत जाता येत नाही. त्याच्या वाटेवर पुढे जाऊन उभे राहून त्याला आपल्याजवळ येऊ देणे हेही निषिद्ध आहे. नियम सहा प्रवाशांच्या नौकेस आणि शंभर प्रवाशांच्या नौकेस एकच. लहान नौकेचा लाभ निराळा : कठड्याशी गर्दी नसते, दृष्टी पाण्याच्या पातळीवर राहते, नौचालकाशी बोलता येते. मोठ्या नौकेवर उंचीमुळे दूरवर दिसते, हेलकावे कमी जाणवतात, पाऊस आल्यास आत बसता येते. आणि ज्यूनोत पाऊस येतोच.

येथे वैयक्तिक हित व सामाईक हित यांची फारकत होते. ज्यूनोच्या परिसरात झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किनाऱ्यावरून देवमाशांच्या हालचालींची मोजणी करण्यात आली. नौका जवळ असताना त्यांच्या मार्गाचे सरळ रेषेपासूनचे विचलन सुमारे ३९ टक्क्यांनी व पोहण्याचा वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर दोन श्वासांमधील अंतर जवळजवळ ७ टक्क्यांनी घटले. नौकांची संख्या वाढली की विचलनही वाढते, असेही दिसून आले. खाण्यात गुंतलेले देवमासे सहसा खाणे सोडून देत नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण पृष्ठभागावर उसळ्या मारणारे देवमासे नौका येताच निघून जाण्याकडे झुकतात. म्हणजे जे पाहण्यासाठी प्रवासी येतो तेच त्याच्या येण्याने थांबण्याचा संभव असतो. उपद्रव प्रवाशांच्या संख्येवर नव्हे, तर नौकांच्या संख्येवर अवलंबून असेल, तर शंभर माणसांनी एका नौकेतून जाणे हे त्यांनी सहासहांच्या सतरा नौकांतून जाण्यापेक्षा देवमाशाला कितीतरी सुसह्य. लहान नौकेला सरसकट ‘निसर्गस्नेही’ ठरविणारी जाहिरात म्हणूनच तपासून घ्यावी. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेल्या सामाईक कुरणाच्या दृष्टांताचे येथे स्मरण होते. फरक इतकाच की, येथे कुरण आहे ते एका सजीव प्राण्याच्या स्वस्थतेचे.

या प्राण्याकडे गमावण्यासारखे किती आहे, हेही पाहिले पाहिजे. उत्तर पॅसिफिकमधील कुबड्या देवमाशाची व्यापारी शिकार १९६६ पासून निषिद्ध झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत त्याची संख्या उल्लेखनीय रीतीने वाढली. शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येक देवमाशाच्या वेगळ्या असतात. छायाचित्रांतून त्या जुळवून केलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार ही संख्या २०१२ मध्ये सुमारे ३३,५०० पर्यंत पोहोचली होती, पण २०२१ पर्यंत ती सुमारे २६,७०० वर आली. २०१४ ते २०१६ मधील समुद्राच्या असाधारण उष्णतेने भक्ष्य घटले, हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. या गणनेत पर्यटकांनी काढलेल्या छायाचित्रांचाही मोठा वाटा होता, हे सहलींच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. आपल्याकडील अरबी समुद्रातही कुबडे देवमासे आहेत. ते स्थलांतर न करता वर्षभर येथेच राहतात व इतरांपासून तुटलेले आहेत. १९६६ सालीच सोव्हिएत नौकांनी ओमान, पाकिस्तान व भारत यांच्या किनाऱ्यांलगत त्यांची बेकायदा शिकार केली. एकूण सुमारे २४० देवमासे मारले गेले. ती संख्या आजवर भरून आलेली नाही.

मग प्रवाशाने विसंबावे कशावर? अलास्कात २०१५ पासून ‘व्हेल सेन्स’ नावाची ऐच्छिक योजना चालू आहे. तीत सहभागी होणाऱ्या व्यावसायिकाला दरवर्षी प्रशिक्षण घ्यावे लागते व मूल्यमापनास सामोरे जावे लागते. ही खूण मिळविण्यास काही किंमत मोजावी लागते, म्हणूनच पैसे परतीच्या हमीपेक्षा तिला अधिक अर्थ आहे. विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : एका देवमाशापाशी नौका किती वेळ थांबते, आणि तेथे आधीच चार नौका उभ्या असतील तर आपण काय करता? ज्याने याचा विचार केला आहे तो नेमके उत्तर देतो. इतर जण आपण किती जवळ जातो ते सांगू लागतात. ज्याच्या जाहिरातीतील चित्रांत देवमासा नौकेला जवळजवळ खेटून उसळताना दाखविला आहे, त्याच्याविषयी साशंक राहणे बरे.

ज्याला सहलीचा खर्च परवडत नाही किंवा लहान नौकेची भीती वाटते, त्यालाही देवमासा पारखा राहत नाही. आयसी स्ट्रेट किंवा चॅटम स्ट्रेटमधून जहाज जात असता पहाटे अथवा सायंकाळी डेकवर उभे राहून, साधी दुर्बीण घेऊन, पाण्यावर उडणारा उच्छ्वासाचा फवारा शोधावा. तो दोन-तीन किलोमीटरांवरूनही ओळखू येतो. खोलीच्या सज्जातून समुद्राची एकच बाजू दिसते, म्हणून पुढचा उघडा डेक बरा. मात्र मोठे जहाज निरुपद्रवी असते असे समजू नये. २००१ साली ग्लेशियर बेजवळ एका गर्भवती कुबड्या मादीचा मृत्यू अशाच एका प्रवासी जहाजाच्या धडकेने झाला. तिचा सांगाडा २०१४ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानात मांडलेला आहे. या उद्यानाच्या पाण्यात दिवसाला दोनच मोठी जहाजे सोडली जातात, आणि देवमाशांचा वावर असेल त्या भागात १३ नॉटची वेगमर्यादा घालण्यात येते. प्रवासाचा मार्ग निवडताना जहाज ग्लेशियर बेमध्ये शिरणार आहे की नाही, हे वेळापत्रकात आधीच छापलेले असते.