जुनी डिस्क, नवा डबा

ऑफिसात कॉम्प्युटर रुसला की आपण काय करतो? आय.टी. सपोर्टला फोन लावतो. तो पोरगा येतो, आपली खुर्ची मागतो, दोन मिनिटं कीबोर्ड बडवतो आणि ‘रिस्टार्ट करून पाहिलं होतं का?’ असं विचारून निघून जातो. तेवढ्यात आपली एक कॉफी होते. पण हाच घोळ मामाच्या गावी, रविवारच्या दुपारी निघाला, तर आय.टी. सपोर्ट म्हणजे आपणच. का, तर आपण ‘पुण्यात असतो’! भाची मास कम्युनिकेशन शिकली आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नाही, हा फरक मामाच्या लेखी शून्य.

माझ्या मामाचं गाव वैराग. बार्शी तालुक्यातलं, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथे मामाचं १९९९ ते २०१२ डी.टी.पी.चं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाचे कार्ड, ‘भव्य कुस्त्यांचे जंगी मैदान’ची पत्रकं, वह्यांवर चिकटवायची लेबलं, सगळं तिथूनच. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत मामा लाइटचं टाइमटेबल बघून काम घ्यायचा. दुकान बंद झालं, कॉम्प्युटर भंगारात गेला. त्यातली ८० जीबीची हार्ड डिस्क मात्र मामाने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

कारण त्या डिस्कवर आजोबा होते.

१९७२च्या दुष्काळात आजोबा सरकारी दुष्काळी कामावर हजेरी लिहायचे. खडी फोडायला कोण आलं, कोण नाही, कुणाचं पोर सावलीला झोळीत होतं, सुकडी कधी मिळाली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीला लोक काय म्हणायचे, हे सगळं त्यांनी पुढे म्हातारपणी एका दोनशेपानी वहीत उतरवलं. मामाने २००५ साली ते फावल्या वेळात टाइप केलं. नंतर वही वाळवीने खाल्ली, आजोबाही गेले. म्हणजे हिशेब सरळ होता. डिस्क वाचली तर आजोबा वाचायला मिळणार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी नवे कॉम्प्युटर आले. तसाच एक माझ्या मामेभावाने घेतला. झगमगता डबा, आत निळे लाइट. मामाने लगेच फडकं सोडलं. “बघ की गं, यात बसती का ती.”

बसली नाही. पहिली अडचण तिथेच. जुनी डिस्क आय.डी.ई. जातीची. म्हणजे पाठीमागे पिनांच्या दोन रांगा आणि त्यात खोचायची ती रुंद, राखाडी पट्टी केबल. २००३च्या सुमारास साटा डिस्क बाजारात आल्या, केबल बोटाएवढी झाली, आणि पुढे मदरबोर्डवरून आय.डी.ई.ची जागाच गेली. उपाय सोपा आहे: आय.डी.ई.चं यू.एस.बी. करणारं कनेक्टर. हजार रुपयांच्या आत मिळतं. घेताना एवढंच बघा, की त्यासोबत डिस्कला वीज द्यायचा वेगळा अ‍ॅडॅप्टर आहे. मोठी डिस्क नुसत्या यू.एस.बी.च्या विजेवर फिरत नाही.

कनेक्टर मी पुढच्या खेपेला पुण्याहून नेलं. जोडलं. डिस्क फिरायला लागली, आवाज आला, लाइट लागला. स्क्रीनवर काही नाही.

मास्टर कोण, स्लेव्ह कोण?

इथे निम्मे लोक ‘डिस्क गेली’ म्हणून हात टेकतात. थांबा. पूर्वी एका पट्टी केबलवर दोन डिस्क लावता यायच्या. त्यातली पहिली मास्टर, दुसरी स्लेव्ह. ते ठरायचं डिस्कच्या पाठीमागे असलेल्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या टोपीने, म्हणजे जंपरने. मामाची ही डिस्क जुन्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी होती, जंपर स्लेव्हवर होता. यू.एस.बी. कनेक्टर बहुतेक वेळा फक्त मास्टरलाच ओळखतं. टोपी कुठे बसवायची याचा नकाशा साधारणपणे डिस्कवरच्या लेबलवर छापलेला असतो. मामीच्या भुवया कोरायच्या चिमट्याने मी जंपर काढला, मास्टरवर बसवला, आणि ‘टुंग’!

एवढ्यात भाऊ ओरडला, “ताई, फॉरमॅट करायचं का विचारतंय. मारू का एंटर?”

वाचकहो, या क्षणी त्या पोराचा हात धरण्यासाठीच देवाने मला वैरागला पाठवलं असावं. विंडोजला डिस्कची मांडणी वाचता आली नाही की ते अगदी सभ्यपणे विचारतं, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का?’ उत्तर नेहमी नाही. आणखी एक मोहाचा निरोप म्हणजे ‘स्कॅन अँड फिक्स’. तोही नको. असले उपाय त्याच डिस्कवर लिहितात, आणि आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहू नये. तिच्यावरून फक्त वाचायचं, तेही शक्यतो एकदाच.

म्हणून डागडुजीच्या आधी कॉपी. आणि फाइलींची नाही, अख्ख्या डिस्कची, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत. याला इमेज म्हणतात. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. त्याची अक्कल मला फार आवडते. सहज वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, अडेल जागा टिपून ठेवतो, आणि सगळं झालं की त्या जागांशी पुन्हा हुज्जत घालायला परत येतो. मध्येच लाइट गेली तर टिपणवहीतून पुढे चालू. वैरागला हा मुद्दा दुय्यम नाही.

संध्याकाळी सातला लावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, गप्पा, झोप. मामा रात्रीतून दोनदा उठून स्क्रीनवरचे आकडे बघून आला, त्याला ते कळत नसूनही. सकाळी मोजक्या जागा सोडून सगळी डिस्क नव्या कॉम्प्युटरवर उतरली होती.

(डिस्क टक्-टक्-टक् असा ठेक्यात आवाज करत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. तेव्हा आतल्या डोक्यालाच मार लागलेला असू शकतो. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.)

पुढचं काम त्या इमेजच्या आणखी एका कॉपीवर. नेमकी पार्टिशनची पहिली जागा खराब होती, म्हणून विंडोज फॉरमॅट मागत होतं. पण एन.टी.एफ.एस. पद्धतीत त्या पहिल्या जागेची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. टेस्टडिस्क हा दुसरा फुकटचा प्रोग्रॅम ती प्रत पुढे आणून बसवतो. बसवली. फोल्डर उघडले. ‘लग्न २००३’, ‘लग्न २००४’, ‘उधारी’, आणि ‘दादा’. आजोबांना घरात सगळे दादाच म्हणायचे.

वर्डची फाइल उघडली. ब्याण्णव पानं. त्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं.

मंगळावरची भाषा

इंग्रजी अक्षरं, डॉलर, स्वल्पविराम, डोक्यावर टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं. मामाचा चेहरा पडला. “खराब झालं का गं?” खराब काही नव्हतं. फाइल तशीच होती, जशी मामाने २००५ साली सेव्ह केली होती.

श्रीलिपि, आकृती, आय.एस.एम. ही नावं जुन्या डी.टी.पी.वाल्यांना विचारा, डोळे चमकतील. या सॉफ्टवेअरांनी मराठी छपाई घराघरात आणली. त्या काळच्या फॉन्टमध्ये जागा जास्तीत जास्त २५६, आणि देवनागरी जोडाक्षरांचा संसार त्याहून केवढातरी मोठा! मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा व वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, आणि हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे, फॉन्टने फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवलेला. मुखवटा जुन्या कॉम्प्युटरसोबत भंगारात गेला.

तसं १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. त्याच वर्षी भारताने इस्की हे स्वतःचं प्रमाणही ठरवलं. विंडोज २०००पासून देवनागरी युनिकोड चालू लागलं. पण दुकानात राज्य होतं पेजमेकरचं, आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी येत नव्हती. लग्नपत्रिका उद्या हवी असताना कोण प्रमाणांची वाट बघणार? मामाला यात दोष देण्यात अर्थ नाही.

मुखवटा डिस्कवरच सापडला. जुन्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्टची फाइल शाबूत होती. ती नव्या कॉम्प्युटरवर टाकली, आणि ब्याण्णव पानं एका क्षणात मराठी बोलू लागली. मामा काहीच बोलला नाही. चष्मा पुसत राहिला.

पण हे अर्धंच काम. असा मजकूर मोबाइलवर धाडला की पुन्हा मंगळ. शोधायला जा, ‘सुकडी’ सापडत नाही. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, आणि तो नेमका त्याच फॉन्टचा लागतो, कारण प्रत्येक कंपनीने तुकडे वेगवेगळ्या जागी बसवलेले. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये उलट. रफारही असाच भलत्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून कन्व्हर्ट केल्यावर माणसाच्या डोळ्याखालून घालणं भाग आहे.

आम्ही तीन रविवार ते केलं. मी वाचायचे, मामा दुरुस्त करायचा. एके ठिकाणी आजोबांनी कामावर आलेल्या बायकांची नावं एकाखाली एक लिहिली होती. त्यातली एक यादी मध्येच तुटली होती, डिस्कवरच्या न वाचलेल्या जागांपैकी एक बहुधा तिथेच पडली. मामाने दोन नावं आठवून सांगितली. बाकीची जागा कोरी ठेवायला लावली.

आता ब्याण्णव पानं तीन ठिकाणी आहेत: मामेभावाच्या डब्यात, माझ्या लॅपटॉपवर आणि छापून. राहिल्यात त्या मामाच्या पेजमेकरच्या फाइली. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये त्या उघडतात, पण मांडणीची पार भेळ होते. मामाला ते मंजूर नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून त्याने जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप शोधून काढलंय, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते रुंद जाडजूड डाँगल. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नाही हे ऐकल्यावर तो मला म्हणाला, “मग येताना तेवढं पोर्ट घेऊन ये.”