कानाचे बधिरपण : शब्द एक, अर्थ दोन

कानामागे छेद घेऊन पडद्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांनी तपासणीला येतो आणि सांगतो, "कान बधिर झालाय." त्याला ऐकू येत नाही, की कानाला हात लावलेला कळत नाही? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद अशा भागांत रुग्ण मराठी आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असले, की हा घोटाळा आणखी वाढतो.

संस्कृतात 'बधिर' म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतातून येताना त्याचेच 'बहिरा' झाले. पुढे मूळ 'बधिर'ही मराठीत रुळला आणि त्याला दुसरा अर्थ चिकटला : स्पर्श न कळणारा. 'मूकबधिर' या शब्दात पहिला अर्थ आहे, तर 'दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर केली' या वाक्यात दुसरा.

शरीरात मात्र या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या आहेत. आवाजाची जाणीव आतल्या कानापासून मेंदूकडे श्रवणाची नस नेते. कानाची पाळी, कानाचा मागचा भाग आणि तिथली त्वचा यांचा स्पर्श मुख्यतः मानेतून वर येणारी नस कळवते. कानामागे छेद घेताना तिच्या बारीक फांद्या ताणल्या किंवा कापल्या जातात आणि त्वचा सुन्न होते. याच काळात कानात औषधाची पट्टी भरलेली असल्याने ऐकूही कमी येते. पट्टी काढल्यावर आणि आतली सूज ओसरल्यावर ऐकण्यातला हा तात्पुरता अडथळा दूर होतो. स्पर्श परतण्याचा वेग याहून मंद असतो.

कापलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. म्हणून स्पर्श परतायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. कधी वर्षही जाते, तर क्वचित एखादा लहानसा भाग कायम सुन्न राहतो. परतताना पुष्कळदा आधी मुंग्या येतात, खाज सुटते किंवा झिणझिण्या उठतात. रुग्ण याला नवे दुखणे समजून घाबरतो; बहुधा ती नस जागी होत असल्याची खूण असते.

पडद्यामागून दोऱ्यासारखी एक नस जाते. ती जिभेच्या पुढच्या भागाची चव कळवते. तिला धक्का बसला तर चव बिघडते, तोंडात धातूसारखी चव येते. तेव्हाही रुग्ण म्हणतो, "जीभ बधिर झाली."

कन्नडमध्ये ऐकू न येणाऱ्याला 'किवुड' म्हणतात. मुंग्या आल्या तर 'जोमु' आणि अंग सुन्न झाले तर 'मरगट्टु' म्हणतात. यातील 'मर' म्हणजे लाकूड. 'बधिर' हा शब्द कन्नडमध्येही आहे, पण तो मुख्यतः ऐकू न येण्यासाठी. त्यामुळे मराठी रुग्णाने हाच शब्द उचलून कन्नडमध्ये वापरला, तर श्रवण गेले असा समज होऊ शकतो. घरातील दुभाष्याने एकाच शब्दावर न थांबता साधे वाक्य सांगावे : 'आवाज येतो, पण बोट लावलेले कळत नाही.'

सुन्न कानाला चटका बसलेला कळत नाही. म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. कुडीची फिरकी रुतली तरी जाणवत नाही. स्पर्श परतेपर्यंत जड दागिने टाळावेत आणि पाळी आरशात पाहत जावी. तोंड वाकडे होणे, डोळा पूर्ण न मिटणे, तीव्र चक्कर येणे, पू येणे किंवा अचानक ऐकू येणे कमी होणे ही मात्र वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जावे.

सीमाभागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशा शब्दांची यादी करून घ्यावी : बहिरा, बधिर, सुन्न, मुंग्या, झिणझिण्या, समोर कन्नड शब्द आणि प्रत्येकासाठी एक वाक्य. आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या मुलांना तिचा रोज उपयोग होईल.