गिटारवरील मींड : अमान्सिओ डिसिल्व्हा यांचे स्मरण

गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोमंतकीय कुटुंबात झाला. १९९६ साली त्यांचे निधन झाले. गोव्याचे म्हणावे तर जन्म मुंबईचा आणि मुंबईचे म्हणावे तर कीर्ती लंडनची, अशी त्यांची स्थिती असल्याने त्यांचे स्मरण कोणी करावयाचे हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. मराठी संगीतविषयक लेखनाने तर अशा वादकांची दखल क्वचितच घेतली. प्रस्तुत लेखात त्यांच्या वादनाचे मर्म ब्लूजच्या अंगाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रूढ वर्गीकरणानुसार डिसिल्व्हा हे जॅझवादक. परंतु जॅझचा पाया ब्लूज हा आहे आणि ब्लूजचा उगम अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांत, प्रामुख्याने कपाशीच्या शेतांत आहे. (त्याच प्रदेशातील कापूस १८६० च्या दशकात यादवी युद्धामुळे अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली, हे येथील वाचकांस ठाऊकच आहे.) ब्लूजची बांधणी बारा भागांची असते. येथे एकतालाचा भ्रम होण्याचा संभव आहे. परंतु हे बारा भाग म्हणजे बारा मात्रा नव्हेत. प्रत्येक भाग सामान्यतः चार मात्रांचा, म्हणजे पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. पहिली ओळ दोनदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते.

ब्लूजचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या स्वरांत आहे. त्यातील गंधार ना पुरता कोमल, ना पुरता शुद्ध. तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलकावत असतो. निषादाचेही तसेच. पियानोच्या ठरावीक पट्ट्यांमध्ये हा स्वर सापडत नाही. गिटारवादक मात्र पडद्यावर दाबलेली तार बोटाने आडवी रेटतो. तिचा ताण वाढतो आणि स्वर वर सरकतो. सतारीवर मींड काढताना हीच क्रिया घडते. फरक इतकाच की सतारीचे उंच, कमानदार पडदे चार-पाच स्वरांपर्यंतची मींड सहज पेलतात, तर गिटारचे बसके पडदे एक-दोन स्वरांपलीकडे सहसा जाऊ देत नाहीत. त्यामुळे गिटारवादकास थोडक्यात बोलावे लागते. ही काटकसर डिसिल्व्हा यांना साधली होती. सतारीच्या ढंगाची वाक्ये ते गिटारवर आणतात, पण सतारीची नक्कल करीत नाहीत. त्या काळातील ‘पूर्व-पश्चिम मिलना’च्या अनेक प्रयोगांत सतार केवळ सजावटीपुरती येत असे, हे लक्षात घेता हा संयम अधिकच उठून दिसतो.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि वाद्यवादन शिकविले जाई. या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद यांत शिरले. श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत. डिसिल्व्हा १९६० च्या दशकात लंडनला गेले आणि १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी त्यांच्या नावाने निघाली. त्याच वर्षीची ‘हम दोनो’ ही त्याहून सरस म्हणावी लागेल. तीत त्यांच्या जोडीला जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आहेत. ब्रिटिश साम्राज्याच्या छायेत जन्मलेले दोन वादक त्याच साम्राज्याच्या राजधानीत भेटतात आणि तबकडीला हिंदी नाव देतात! नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित कंठस्वर तीत एखाद्या वाद्यासारखा वावरतो. हॅरियट १९७३ साली निवर्तले.

रेटलेल्या तारेचा तो गंधार स्वरलेखनात पुरता उतरत नाही. कागदावर कोमल किंवा शुद्ध यांपैकी एकच चिन्ह पडते. म्हणून अशा वादकाच्या बाबतीत ध्वनिमुद्रण हाच एकमेव दस्तऐवज ठरतो. ते हरवले की वादकही हरवतो. मुंबईच्या कित्येक अनाम गिटारवादकांचे असेच झाले आहे. डिसिल्व्हा यांच्या बाबतीतही ते थोडक्यात टळले. १९७२ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले एक काम तेव्हा बाजारात आलेच नाही. ते २००६ साली, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्याचे नाव आहे ‘कोकण डान्स’.