रिफंड आला, पण कमी का?

घोटीच्या भातगिरणीतला दिवाणजी असो की इगतपुरीचा शिक्षक, आयकराचा रिफंड अपेक्षेपेक्षा कमी आला की त्याचे एक नेहमीचे कारण असते: मागच्या एखाद्या वर्षाची थकबाकी. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 245 नुसार आयकर विभाग ती रक्कम रिफंडमधून वळती करतो. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. वळती होते ती आयकराचीच बाकी. बँकेचे कर्ज किंवा वीजबिल नाही. अमेरिकेत मात्र थकलेली पोटगी आणि सरकारी शैक्षणिक कर्जही रिफंडमधून कापता येते.

आधी लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. ती ईमेलवर आणि आयकर विभागाच्या पोर्टलवर येते. इथेच नुकसान होते, कारण अनेकांच्या पोर्टलवरील खात्याला ईमेल करसल्लागाराचा जोडलेला असतो. तो आजच बदलून घ्या. मागणी मान्य नसेल तर मुदतीत पोर्टलवर असहमती नोंदवा आणि चलन किंवा अपिलाचा पुरावा जोडा.

मालकाने पगारातून टीडीएस कापला, पण सरकारकडे भरला नाही, आणि त्यामुळे तुमच्या नावावर थकबाकी दिसत असेल, तर? 1961 च्या कायद्यातील कलम 205 नुसार तो कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितले. पगारपत्रके म्हणूनच जपायची.

बाकी फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 मधील 10,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती.