रंगाआडचा तडा

कापडाच्या दुकानात दुकानदार दोन मीटर कापड कसे देतो, ते तुम्ही पाहिले असेल. मोजून झाले की तो काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. टर्रकन आवाज होतो आणि कापड सरळ रेषेत फाटते. तेच कापड चीर न देता फाडून पाहा. दोघांनी ओढले तरी ते दाद देणार नाही. मग त्या बोटभर चिरेत असे काय असते?

या प्रश्नाचे उत्तर एका मोटारीच्या दुरुस्तीत शोधू. अनेक मोटारींच्या मागच्या बाजूला, डिकीच्या वर, प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी बसवलेली असते. तिला स्पॉयलर म्हणतात. मोटार मागे घेताना ती भिंतीला टेकते आणि तिला तडा जातो. पुष्कळ जण तड्यात लांबी भरतात, घासतात आणि वरून रंगाचा फवारा मारतात. पट्टी नव्यासारखी दिसते. पण काही महिन्यांनी तडा त्याच जागी पुन्हा डोके वर काढतो, आणि आता तो अधिक लांब झालेला असतो.

असे का होते, हे समजण्यासाठी पुन्हा कापडाकडे वळू. अखंड कापड ओढले की शेकडो धागे तो भार आपसांत वाटून घेतात. चीर दिली की तुटलेले धागे भार घेत नाहीत. त्यांच्या वाट्याचा भार चिरेच्या टोकाशी असलेल्या धाग्यावर येऊन पडतो. तो तुटतो, मग पुढच्याची पाळी येते. प्लॅस्टिकमध्ये धाग्यांच्या जागी रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात, एवढाच फरक.

इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली याचे गणित मांडले. रुंद पत्र्याला गोल भोक असेल, तर ओढताना भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो. भोक लंबगोल असेल, त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल आणि ओढ त्या लांबीला काटकोनात असेल, तर टोकाशी २१ पट ताण येतो. तडा म्हणजे अतिशय चिंचोळा लंबगोलच. टोक जितके तीक्ष्ण, तितका ताण अधिक.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच मोडून पडली. दर उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब वाढे आणि पुन्हा उतरे. पत्र्याला ठेवलेल्या खिडक्यांसारख्या मोकळ्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण साचून तेथे बारीक तडे गेले होते, आणि प्रत्येक उड्डाणागणिक ते थोडेथोडे वाढत गेले होते, असे चौकशीत आढळले.

स्पॉयलरलाही असेच हेलकावे मिळतात. खड्ड्यांचे धक्के बसतात आणि वाऱ्याचा जोर असतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० कि.मी. ऐवजी ९० कि.मी. वेगाने गेल्यास तो तिप्पट नव्हे, नऊपट होतो. म्हणून रंगाने झाकलेला तडा वाढतच राहतो. भर रस्त्यात पट्टी सुटली, तर ती मागून येणाऱ्या स्कूटरस्वाराच्या अंगावर जाईल. म्हणून पहिला नियम असा: तडा पट्टी जेथे बोल्टने बसवली आहे तेथे असेल, किंवा पट्टी हलवल्यावर डुगडुगत असेल, तर घरी दुरुस्ती करू नये. पट्टी बदलावी.

थांबवावे कसे?

तडा मधल्या भागात असेल तर उपाय आहे. पट्टी काढून घ्यावी. तड्याच्या टोकाशी सुमारे ३ मि.मी. व्यासाचे भोक पाडावे. तुटलेल्या वस्तूला आणखी भोक पाडायचे, हे विचित्र वाटते ना? पण भोकामुळे तीक्ष्ण टोक नाहीसे होऊन तेथे गोलाई येते आणि ताण पुष्कळ उतरतो. खरे टोक डोळ्यांना दिसते त्यापेक्षा थोडे पुढे असते. म्हणून तड्यावर शाई चोळून पुसावी. उरलेली रेघ जेथे संपते, त्याच्या किंचित पुढे भोक घ्यावे.

आता प्लॅस्टिक ओळखावे. आतल्या बाजूने एक चकती खरवडून पाण्यात टाकावी. ती तरंगली, तर ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन. त्याला गोंद आणि रंग सहज धरत नाहीत. ते काम जाणकारावर सोपवावे. चकती बुडली, आणि ॲसिटोनच्या थेंबाने चिकट झाली, तर ते बहुधा एबीएस. त्याचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजत ठेवले की खळीसारखा लगदा होतो. तड्याच्या कडा घासून खाच करावी आणि त्यात हा लगदा थराथराने भरावा. ॲसिटोन कडांनाही मऊ करते. दोन्हींकडच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेले की सांधा एकजीव होतो. याला चिकटवणे म्हणण्यापेक्षा विणणे म्हणणे योग्य! एक दिवस वाळू द्यावे.

मग रंग

पृष्ठभाग आधी १८० क्रमांकाच्या, मग ३२०च्या आणि शेवटी ६००च्या पॉलिश पेपरने घासावा. क्रमांक वाढतो तसे दाणे बारीक होतात. धुतल्यावर पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब गोळा झाले तर कोठेतरी तेलाचा अंश उरला आहे. मग प्रायमर, रंग आणि वर चकाकीचा थर द्यावा.

प्रत्येक हात पातळ असावा. उभ्या पृष्ठभागावरून रंगाचा थर खाली सरकतो, त्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट तर वेग चौपट, आणि मग ओघळ आलेच. दोन हातांच्या मध्ये १०-१५ मिनिटे जाऊ द्यावी. पावसाळी दिवस टाळावा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो.

एक इशारा विसरू नका. ॲसिटोन चटकन पेट घेते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि मोठ्या माणसांबरोबरच करावे. ज्या रंगात आयसोसायनेटयुक्त कडकारी मिसळावा लागतो, तो घरी मुळीच फवारू नये. त्याने दमा जडू शकतो आणि साधी कापडी मुखपट्टी त्याला अडवू शकत नाही.

करून पाहा

मोटार नसली तरी चालेल. भेटवस्तूवर गुंडाळतात त्या चकचकीत जिलेटीन कागदाच्या, ५ से.मी. रुंद आणि २० से.मी. लांब अशा दोन पट्ट्या कापा. एकीच्या काठाजवळ पंचिंग मशीनने भोक पाडा आणि काठापासून भोकापर्यंत चीर द्या. दुसरीला नुसती चीर द्या, पण ती पहिलीच्या भोकाच्या पलीकडच्या कडेइतकी लांब हवी, म्हणजे दोन्हींत सारखाच कागद शिल्लक राहील. पट्ट्या टांगून खाली पिशव्या अडकवा आणि त्यांत हळूहळू वाळू ओता. कोणती पट्टी आधी फाटते? का? उत्तर वहीत लिहा, आणि मग शांपूच्या पुडीच्या काठाला खाच का ठेवलेली असते, तेही त्याखाली लिहा.