काळाचा हिशेब ठेवणारी नळी

त्रिमितीय मुद्रणात वस्तू थरावर थर चढवून घडविली जाते. घडल्यानंतर तिने पुढे कसे बदलावे हेही आधीच योजले, की काळ ही चौथी मिती ठरते. म्हणून 'फोर-डी प्रिंटिंग'. २०१३ साली अमेरिकेतील 'एमआयटी'चे स्कायलर टिबिट्स यांनी पाण्यात टाकताच आपोआप वळणारी पट्टी दाखविली. कौतुक झाले, उपयोग काय, हा प्रश्न उरलाच.

मिशिगन विद्यापीठात प्रश्न तान्ह्या बाळांच्या श्वासाचा होता. काही अर्भकांची श्वासनलिका इतकी मऊ असते की श्वास सोडताना ती मिटते. डॉ. ग्लेन ग्रीन व स्कॉट हॉलिस्टर यांनी सीटी स्कॅनवरून बाळाच्या नेमक्या मापाची, पॉलिकॅप्रोलॅक्टोनची आधारनळी छापली. ती श्वासनलिकेच्या बाहेरून शिवतात. ती आपणहून वळत नाही. पण एका बाजूने उभी उघडी असल्याने बाळ वाढेल तशी फाकत जाते आणि सुमारे ३ वर्षांत शरीरातच विरघळते. तोवर नलिका बळकट व्हावी, ही अपेक्षा. पहिली नळी २०१२ साली बसविली गेली. २०१५ साली ३ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा तिघांचीही गुंगीची औषधे थांबली होती.