रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

(दापोडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

रविवारची संध्याकाळ, त्यात विषय कोलेस्टेरॉल, तरी एवढे जण आलात, बरं वाटलं.

माझे मामा इथेच दापोडीत राहायचे. सगळी नोकरी भोसरीत लेथवर झाली. अंगानं काटकुळे. त्रेपन्नाव्या वर्षी पहिला अ‍ॅटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल छान खाली आलेलं. मामा म्हणाले, "आता नॉर्मल आहे ना, मग गोळी कशाला?" आणि बंद केली. कुणाला सांगितलंही नाही. दीड वर्षानं दुसरा अ‍ॅटॅक आला, त्यातून ते उठले नाहीत. गोळी चालू असती तर तो आलाच नसता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण शक्यता नक्की कमी झाली असती. म्हणून आज मुख्यतः या एका प्रश्नावर बोलतो.

कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींची आवरणं, काही हार्मोन्स, पित्त, सगळ्याला ते लागतं. त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. त्यामुळे "मी माळकरी, अंडंसुद्धा खात नाही, मला कसं काय?" हा प्रश्नच उरत नाही. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहितात, तेही असंच. शेंगदाण्यात, सूर्यफुलात ते जवळजवळ नसतंच. पाण्याच्या बाटलीवर 'यात हाडं नाहीत' असं लिहावं, तसं ते आहे. (हशा)

आता हा तेलकट माल रक्तात विरघळत नाही. त्याला गाडी लागते. एलडीएल ही ती गाडी. चाकणचे टेम्पो डोळ्यांसमोर आणा. माल उतरवायला यकृताच्या पेशींवर धक्के असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांना याच कामासाठी 1985 साली नोबेल मिळालं. धक्के कमी पडले की टेम्पो रस्त्यावरच फिरत राहतात. नाशिक फाट्याला संध्याकाळी काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. फरक एवढाच, की इथे टेम्पो रस्त्याच्या भिंतीत घुसतात. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली ते साठत जातात, सूज येते, गाठ तयार होते. वीस-तीस वर्षं चालतं हे, आणि काही दुखत नाही. बरं, अ‍ॅटॅक यायला नळी नव्वद टक्के बंद असावी लागते असंही नाही. अर्धवट अडथळ्याची मऊ गाठसुद्धा फुटते, तिच्यावर रक्त गोठतं आणि काही मिनिटांत नळी बंद होते. जिने चढताना दम लागत नाही, म्हणून बिनधास्त राहू नका, ते यासाठी.

मग गोळी काय करते? स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम मंदावतं. यकृताला माल कमी पडतो, म्हणून ते धक्के वाढवतं आणि रक्तातले टेम्पो ओढून घेतं. गोळी थांबली की धक्के पुन्हा कमी, आणि काही आठवड्यांत एलडीएल जिथून आलं होतं तिथे. मामांचा रिपोर्ट नॉर्मल होता, तो गोळीमुळे नॉर्मल होता. चष्मा लावून नीट दिसतं, म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही.

जाता जाता एक गंमत. इथून लोकलनं दोन स्टेशनांवर पिंपरी. तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून बुरशीपासून पेनिसिलिन बनू लागलं. जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी 1970 च्या दशकात हजारो बुरश्या चाळून पहिलं स्टॅटिन शोधलं, तेही पेनिसिलियम जातीच्याच एका बुरशीत. "केमिकल नको, नैसर्गिक द्या" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मामा काटकुळे होते, हे का सांगितलं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बारीक दिसणारा आपला माणूस आतून असा असू शकतो. ही पोटातली चरबी ट्रायग्लिसराइड वाढवते, एचडीएल उतरवते. मग रिपोर्ट फसवा येतो.

समजा टोटल 190, एचडीएल 30, ट्रायग्लिसराइड 250. टोटल दोनशेच्या आत, म्हणून माणूस खूश. आता टोटलमधून एचडीएल वजा करा. उरले 160. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे त्रास देणाऱ्या सगळ्या गाड्यांमधला माल. एरवी धडधाकट माणसाचाही हा आकडा साधारण 130 च्या खाली हवा. वजाबाकी घरी करता येते. एलडीएलचं म्हणाल तर छापील 'नॉर्मल रेंज' सगळ्यांना एकच नसते. धोका कमी असेल तर 100 च्या खाली चालतं, पण अ‍ॅटॅक येऊन गेलेल्याला 55 च्या खाली हवं. मामांसारख्याचं 95 आलं तर लॅब त्यापुढे लाल खूण करणार नाही. पण ते जास्तच आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. डालडा, बेकरीची खारी, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातला वडा कमी करा. डाळी, भाज्या, ज्वारीची भाकरी, मूठभर शेंगदाणे असू द्या. लसूण-मेथी खुशाल खा, पण गोळीच्या जागी नाही. आणि तंबाखू. शिफ्टमध्ये मळलेली असो वा बिडीतली, ती सोडल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट.

प्रश्न घेऊ. हं, ताई विचारतायत, गोळीनं अंग दुखतं तर काय करायचं? दुखू शकतं, काहींना खरंच दुखतं. स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, दुसऱ्या प्रकारची औषधं आहेत. गरोदरपणाचा विचार असेल तर मात्र आधीच सांगायचं.

मागचे काका म्हणतायत, मला अ‍ॅटॅक आला, मुलाचं तपासू का? वय काय त्याचं? चोवीस. तपासा. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करा, असं आता आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. काही घराण्यांत जास्त एलडीएल जन्मापासूनच असतं. उपाशीपोटीच हवं असंही नाही, ट्रायग्लिसराइड फार आलं तरच पुन्हा उपाशी करतात. उद्या कामावर जाताना रक्त देऊन जाऊ दे त्याला.